घरचं जुनं किराणा दुकान संग्रहालय म्हणून राखायचं तर: पहिल्या दिवसापासूनची कामाची रीत

जुन्या दुकानाचं संग्रहालय करायचं ठरलं की घरातले सगळे पहिल्याच रविवारी झाडू, फडकी आणि पितांबरी घेऊन आत शिरतात. संध्याकाळपर्यंत पितळी मापं लखलखतात, जळमटं निघतात, जुन्या चिठ्ठ्या-चपाट्यांची पोतंभर रद्दी बाहेर पडते आणि दुकान संपलेलं असतं. उरतात त्या फक्त वस्तू. पितळी मापं, चिनी मातीच्या बरण्या, डालड्याचे डबे हे सगळं मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात विकत मिळतं. तिथे मिळत नाही ती या वस्तूंची एकमेकींशी असलेली सोयरीक. हळदीशेजारी हिंग का ठेवला नव्हता, गल्ल्यातून उठताना हात कुठे टेकायचा, कुणाच्या नावाची चिठ्ठी कुठल्या खिळ्याला लागायची, हे ज्या दुकानात अजून शाबूत आहे ते राखण्याजोगं आहे. पुढची सगळी रीत त्या सोयरिकीला धक्का लागू नये म्हणून आहे.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जॉन डे या गावी ‘काम वाह चंग’ नावाचं एक दुकान आहे. ‘लंग ऑन’ आणि ‘इंग हे’ या दोन चिनी भागीदारांनी ते चालवलं. किराणा, चिनी औषधं, टपाल वाचून दाखवणं, उतरायला जागा असं सगळं एकाच छपराखाली होतं. लंग ऑन १९४० मध्ये वारला. इंग हे १९४८ मध्ये दुखण्यामुळे दुकान सोडून गेला आणि १९५२ मध्ये त्याचाही मृत्यू झाला. इमारत संग्रहालय व्हावी या इच्छेने गावाकडे आली आणि विस्मृतीत गेली. १९६७ मध्ये दार उघडलं तेव्हा औषधांच्या पेट्या, डबे, कागदपत्रं जागच्या जागी होती. इंग हेच्या पलंगाखाली सुमारे २३ हजार डॉलरचे न वटवलेले चेक सापडले. २००५ मध्ये त्या दुकानाला अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. ते चेक कुणी आधीच ‘आवरून’ ठेवले असते, तर त्या माणसाच्या व्यवहाराबद्दलची सर्वांत बोलकी गोष्ट हरवली असती.

पहिलं काम: हात न लावता नोंद

दुकान बंद केलं त्या अवस्थेत, लाइट लावून, दारातून आत जात एक सलग व्हिडिओ काढा. मग प्रत्येक भिंतीचे समोरून, फळीच्या उंचीवर कॅमेरा धरून फोटो. मोबाइल चालतो, फ्लॅश बंद ठेवा आणि प्रत्येक फोटोत एक मोजपट्टी दिसू द्या.

त्यानंतर कागदावर नकाशा काढा. भिंतींना अ, आ, इ, ई अशी अक्षरं द्या, फळ्यांना वरून खाली आकडे, खणांना डावीकडून उजवीकडे आकडे. ‘आ-३-५’ म्हणजे आ भिंतीची तिसरी फळी, पाचवा खण. पुढे कुठलीही वस्तू हलवली तरी ती परत कुठे जायची हे या तीन खुणांवरून कळतं. जमिनीवरची पोत्यांची जागा, ओटा, गादी, टांगलेला सुतळीचा रीळ, भिंतीवरचे खिळे आणि त्या खिळ्यांवरचं सगळं या नकाशात हवं. दाराच्या लाकडी फळ्या असतील तर त्यांच्या कडेला कोरलेले किंवा खडूने लिहिलेले क्रमांक पाहा. रोज सकाळी त्या ज्या क्रमाने निघायच्या आणि रात्री बसायच्या, तो क्रम म्हणजे ते आकडे. रंगकाम करणारा माणूस सर्वांत आधी तेच पुसतो.

तागडी उतरवण्यापूर्वी पारड्यांच्या साखळ्या नीट बघा. एका बाजूला चिंधी, तारेचा वेढा किंवा छोटा दगड बांधलेला दिसेल. तो पासंग. दोन पारड्यांतला फरक भरून काढायला तो लावलेला असतो. कचरा समजून काढू नका. गल्ल्याच्या खणातली नाणी, मोडक्या किल्ल्या, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं, देवाच्या फोटोमागे खोचलेली लग्नपत्रिका यांचीही जागेसकट नोंद घ्या. गल्ल्यात काय ‘क्षुल्लक’ हे ठरवायची घाई नको.

दुसरं काम: माणसं बोलती करा

खरं तर हेच पहिलं हवं. डबे थांबतील, ऐंशी-पंच्याऐंशीची माणसं थांबणार नाहीत. म्हणून फोटो काढायच्या आठवड्यातच दुकानात बसून बोलणं रेकॉर्ड करायला लागा. घरी सोफ्यावर बसवून विचारलं तर ‘काही नाही रे, साधं दुकान होतं’ एवढंच हाती लागतं. तेच आजोबा गादीवर बसले की हात आपोआप गल्ल्याकडे जातो आणि बोलणं सुरू होतं. पंखा बंद ठेवा, मोबाइल त्यांच्या जवळ ठेवा, मध्ये बोलू नका. सुरुवातीला नाव, तारीख, जागा आणि ‘हे रेकॉर्ड करून लोकांना ऐकवायला तुमची परवानगी आहे का’ हा प्रश्न रेकॉर्डवरच घ्या.

‘जुन्या दिवसांबद्दल सांगा’ असं विचारू नका. करून दाखवायला सांगा. कागदाची पुडी कशी वळायची आणि दोरा दातांनी तोडायचा की हाताने? गुळाची ढेप कशाने फोडायची? गोडं तेल मापताना शेवटचा थेंब कसा निथळायचा? धान्याचं माप शिगेचं, म्हणजे वर ढीग येईल असं द्यायचं, की काठाबरोबर कापून? रास मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं, ते तुमच्या दुकानात म्हणायचे का, आणि कोणत्या सुरात? सकाळची पहिली विक्री उधारीवर चालायची का? सणाच्या आधी काय आणून ठेवायचं? पावसाळ्यात मीठ पाझरू नये म्हणून काय करायचे? माल कुठून यायचा, बैलगाडीने की ट्रकने, आणि उतरवायला कोण यायचं?

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ओट्याच्या आतली माणसं विचाराल तितकीच बाहेरची विचारा. दुकानाची कहाणी मालकाच्या घराने एकट्याने सांगितली की ती कौतुकाची होते. हमाल, पुड्या बांधणारा पोऱ्या, धान्याच्या मजुरीवर मीठ-मिरची नेणाऱ्या बाया, महिन्याची यादी देणारे मास्तर, यांनी तेच दुकान रस्त्याच्या बाजूने पाहिलेलं असतं. कुणाला ओट्यावर चढता येत होतं आणि कुणाला खालीच उभं राहावं लागत होतं, कुणाच्या हातात पुडी दिली जायची आणि कुणापुढे टाकली जायची, हे विचारायला जड जातं. पण विचारायलाच हवं आणि उत्तर मिळालं तर ते संग्रहालयात ऐकू यायला हवं.

तिसरं काम: कुठला काळ राखायचा ते ठरवा

साठ-सत्तर वर्षं चाललेल्या दुकानात पावशेराच्या वजनाशेजारी इलेक्ट्रॉनिक काटा असतो आणि लिम्लेटच्या बरणीशेजारी शाम्पूच्या पुड्यांची माळ. सगळं एका सालाचं करायचं की शेवटच्या दिवशी होतं तसं ठेवायचं? वेल्समधल्या ऑगमोर व्हेलचं १८८० चं ग्वालिया स्टोअर्स विटा-लाकडासकट उचलून कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्सच्या खुल्या संग्रहालयात उभं केलं गेलं आणि १९९१ मध्ये लोकांसाठी उघडलं, तेव्हा त्यांनी १९२० च्या दशकातलं दुकान मांडलं. त्यांच्याकडे संशोधक होते, साठवणीच्या खोल्या होत्या. घरच्या दुकानासाठी माझा सल्ला उलटा आहे: शेवटच्या दिवसाचं दुकान राखा. इलेक्ट्रॉनिक काटाही राहू द्या. एक काळ निवडलात की निम्मं सामान माळ्यावर जातं, आणि उरलेलं भरून काढायला बाजारातून जुन्या वस्तू विकत आणाव्याशा वाटतात. एक विकत आणलेली बरणी शेल्फवर चढली की बाकीच्या बरण्यांवरचाही विश्वास उडतो.

काळ ओळखता मात्र आला पाहिजे. त्यासाठी वस्तूंवरच खुणा असतात. किमतीत आणे-पै असतील तर छापील मजकूर बहुतेक १९५७ पूर्वीचा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ हे शब्द १९६४ पर्यंत चालले, नंतर नुसते ‘पैसे’. वजनांत ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने आले आणि १९६२ पर्यंत शेर-छटाक व्यापारातून कायद्याने बाद झाले. पत्त्यात ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० पूर्वीचं. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. खाण्याच्या पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका असेल तर २००१ च्या आसपासचं किंवा नंतरचं. छापून झालेले जुने कागद पुढे काही वर्षं वापरले जात, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका, दोन-तीन जुळवा.

वजन-मापांची उतरंड भिंतीवर एका जागी लावून ठेवा, कारण ती समजली नाही तर अर्धं दुकान मुकं राहतं. ५ तोळ्यांची छटाक, १० तोळ्यांचं नवटाक, २० तोळ्यांचा पावशेर, ४० चा अच्छेर, ८० तोळ्यांचा शेर. ४० शेरांचा मण. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे ब्रिटिश काळातला पक्का शेर ९३३ ग्रॅमचा. हे झालं तोलण्याचं. मापण्याची रीत वेगळी: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पायल्यांपासून वर मण-खंडीचा हिशोब प्रांताप्रांतात बदलतो. कोष्टकातून उचलण्यापेक्षा तुमच्या गावचा शेर तुमच्याच मापट्यात तांदूळ भरून, तोलून लिहा.

चौथं काम: खाण्याचं सगळं बाहेर, कीड थांबवा

इथे मायेला जागा नाही. धान्य, डाळी, गूळ, साखर, खोबरं, मसाले, पेंड, तेलाचा थेंब, काहीही आत राहता कामा नये. सोनकिडे, टोके, झुरळं आणि उंदीर धान्यासाठी येतात आणि वह्या, पोती, लाकूड खाऊन जातात. बरण्या रिकाम्या ठेवायच्या नसतील तर रंगवलेलं प्लॅस्टरचं किंवा मातीचं प्रतिरूप वापरा आणि तसं लिहा. फुगलेला जुना सीलबंद डबा घरी उघडू नका, बाहेर वेगळा ठेवून जाणकाराला दाखवा. माळ्यावर मोरचूद, उंदराचं औषध, डीडीटीची पावडर, जुनं रॉकेल, फटाके मिळण्याची शक्यता असते. हातमोजे घाला, पाकिटाचा फोटो घ्या, आणि नाल्यात किंवा घंटागाडीत न टाकता नगरपालिकेकडे किंवा कृषी कार्यालयात विल्हेवाटीची चौकशी करा.

पोती, कापडी पिशव्या, वह्या यांत कीड असेल तर सर्वांत सोपा आणि विषाविना उपाय थंडीचा आहे. वस्तू जाड पॉलिथिनमध्ये हवाबंद गुंडाळा आणि उणे १८ ते उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका; थंड वस्तूवर ओल धरते, ती पिशवीच्या बाहेरच राहिली पाहिजे. फोटो, रंगवलेलं लाकूड, काच यांना ही रीत लावू नका. डांबराच्या गोळ्या वापरू नका. त्यांची वाफ माणसांनाही बाधते आणि प्लॅस्टिकही खराब करते. वेखंडाच्या पुरचुंड्या आपल्याकडे पोथ्यांत पिढ्यान्‌पिढ्या ठेवतात. त्या ठेवा, पण त्यांच्यावर विसंबून महिन्याची तपासणी चुकवू नका.

ओलीचं गणित सोपं आहे. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळाभर ती त्याच्या वरच असते. एक साधं आर्द्रतामापक आणून रोज आकडा लिहा. फळ्या भिंतीपासून दोन-तीन बोटं पुढे घ्या, मागून हवा खेळली पाहिजे. वह्यांचं कपाट बाहेरच्या भिंतीला नको. छप्पर, पन्हळी आणि वाळवी या तीन गोष्टींवरचा खर्च मांडणीच्या आधी करा. वाळवीसाठी जाणकार माणूसच बोलवा. वायरिंग जुनी असेल तर पूर्ण बदला, मगच दिवा लावा.

पाचवं काम: साफसफाई, पण कमीत कमी

मऊ ब्रश आणि कोरडं सुती फडकं, एवढ्यावर नव्वद टक्के काम भागतं. पितळ घासू नका. चिंच, राख, पावडर, काहीही लावलं तरी दर वेळी धातूचा पातळ थर निघतो आणि त्याबरोबर मापावरचा तपासणीचा शिक्का झिजतो. तो शिक्का म्हणजे त्या मापाचा जन्मदाखला. लोखंडी वजनांवरचा सुटा गंज कोरड्या ब्रशने झाडा, वर मेणाचा पातळ हात द्या. इनॅमलच्या जाहिरात-पाट्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्या करा. टवका उडालेल्या जागी पाणी मुरू देऊ नका.

ओट्याचं लाकूड पॉलिश करू नका. रोज पैसे सरकवून, कोपरं टेकवून जिथे खळगा पडला आहे, तेल सांडून जिथे काळं झालं आहे, तिथेच गिऱ्हाईक उभं राहायचं हे लोकांना दिसतं. भिंतीवर पेन्सिलीने केलेली बेरीज, दाराच्या चौकटीवरचे ‘शुभ लाभ’, काढलेल्या कॅलेंडरामागचा फिका चौकोन, यावर चुन्याचा हात फिरवू नका.

सहावं काम: वह्या

दुकानाचा जीव वह्यांत असतो. रोजमेळ (रोजच्या जमा-खर्चाची वही), खतावणी (खातेवार हिशोबाची वही), उधारीची वही, आवकीचं टिपण, लाल कापडी बांधणीच्या लांब चोपड्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच वह्या मोडीत असतात. मोडी येत नाही म्हणून वही टाकून देणारी घरं आहेत, ते थांबवा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतात. तिथे शिकलेली माणसं सरावासाठी खरी कागदपत्रं शोधत असतात. वर्षाचा हिशोब लावताना लक्षात ठेवा की व्यापाऱ्याचं साल दिवाळीच्या पाडव्याला सुरू होई. कार्तिकी संवत १९९५ म्हणजे १९३८ च्या दिवाळीपासून पुढचं वर्ष; शके १८६० म्हणजे १९३८ च्या गुढीपाडव्यापासून. आयकरासाठी सगळ्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च झालं ते १९८९ च्या सुमारास.

वहीचं पान लॅमिनेट करू नका. सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन उलटवता येत नाही आणि आतला कागद खराब होत राहतो. फाटलेलं पान आम्लरहित कागदाच्या पाकिटात सुटं ठेवा. पानं न ताणता, दिवसाच्या सावलीच्या उजेडात, वरून सरळ फोटो घ्या आणि त्याच्या तीन प्रती करा. एक प्रत दुसऱ्या गावी.

आता सर्वांत नाजूक भाग. उधारीच्या वहीत गाव उघडं पडलेलं असतं. कुणाचं खातं दुष्काळात थकलं, कुणी मंगळसूत्र गहाण ठेवलं, कुणाच्या नावे दर आठवड्याला तंबाखू आहे. ही माणसं किंवा त्यांची मुलं अजून गावात राहतात. म्हणून नियम करा: हयात स्मृतीतल्या, म्हणजे साधारण गेल्या ७५ वर्षांतल्या कुठल्याही खात्याचं नाव प्रदर्शनात दिसणार नाही. पान दाखवायचं असेल तर नावावर पट्टी ठेवून फोटोची प्रत दाखवा, मूळ वही कपाटात. एखाद्या घराने स्वतःहून आपलं खातं दाखवायला परवानगी दिली तर लेखी घ्या. इंटरनेटवर सगळी वही चढवण्याचा मोह टाळा.

नावं झाका, पण व्यवहार झाकू नका. आपल्याकडच्या अनेक गावांत किराणा, धान्यखरेदी आणि सावकारी एकाच गादीवरून चाले. सुगीला फेडायच्या बोलीवर बी आणि मीठ नेलं जाई आणि फेड वाढीव मापाने होई. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा जमाव सावकार-दुकानदारांवर चालून गेला. पाठोपाठ पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत असेच दंगे झाले आणि त्यांचा रोख कर्जखतांवर आणि वह्यांवरच होता. त्यातूनच १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तुमच्या वहीत व्याजाचा दर असेल, गहाणखत असेल तर तेही मांडा. त्याचबरोबर वर्षानुवर्षं न मागितलेली बाकी असेल, कधी तरी आडवी रेघ मारून सोडलेलं खातं असेल, तर तेही. दोन्ही एकाच भिंतीवर असू द्या. पणजोबा भले होते की नव्हते, हा निवाडा पाहणाऱ्यावर सोपवा.

सातवं काम: नोंदवही

प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, तो पुन्हा कधी दुसऱ्या वस्तूला नाही. बांधीव, पानांना आकडे घातलेली वही घ्या, शाईने लिहा, संगणकावर प्रत ठेवा. क्रमांक, वस्तू, कशाची बनलेली, लांबी-रुंदी-वजन, अवस्था, मूळ जागा (तुमची ‘आ-३-५’ इथे कामी येते), कुणाकडून कळलं, फोटो. वस्तूवर स्टिकर लावू नका, सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधा. कागदावर मऊ पेन्सिलीने लिहा.

आठवं काम: मांडणी

काचेच्या पेट्या जितक्या कमी तितकं बरं. पाहुणा ओट्याच्या बाहेर, गिऱ्हाइकाच्या जागी उभा राहू द्या. सगळं समोर दिसतं पण हाताला येत नाही, मागावं लागतं, हाच त्या दुकानाचा अनुभव होता. पाटी प्रत्येक बरणीला नको. दर भिंतीला एक, फार तर दोन, मोठ्या अक्षरांत, मराठीत. बाकी माणसाने सांगावं.

ज्या वस्तूंची जोडी आहे त्यातली एक हाताळण्यासाठी काढून ठेवा. मुलांना पावशेर आणि पाव किलो दोन्ही तोलू द्या, फरक त्यांचा त्यांना सापडतो. रद्दी कागदाची पुडी वळायला शिकवा. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, मग दुकानदाराने सहा घ्यायचे की सात, हा प्रश्न त्यांच्यासमोर टाका. १९५७ मध्ये हाच वाद प्रत्येक दुकानात झाला होता. आवाजाची सोय करता आली तर आजोबांचं ‘लाभ, दोन, तीन’ तिथेच, पायलीजवळ ऐकू येऊ द्या.

आठवड्याचे सातही दिवस उघडं ठेवण्याचा हट्ट नको. बाजाराचा दिवस आणि रविवार पुरे. बाजाराच्या दिवशी येणारी खेड्यापाड्यांतली म्हातारी माणसं तुम्हाला अशा गोष्टी सांगतील ज्या कुठल्याही वहीत नाहीत. त्यांच्यासाठी एक कोरी वही आणि लिहून घेणारं माणूस ठेवा.

कायद्याची आणि पैशाची बाजू

आधी सर्व वारसांची लेखी संमती. काम उभं राहिल्यावर एखादा चुलतभाऊ वाटा मागायला आला की संग्रह वाटला जातो. दुकान भाड्याचं किंवा पागडीचं असेल तर मालकाशी वापर बदलण्याबद्दल लेखी करार हवा. इमारत पालिकेच्या वारसा यादीत आहे का हेही पाहा, असेल तर दुरुस्तीलाही परवानगी लागते.

संस्था म्हणून उभं करायचं तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते. त्यानंतर विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. हे बंधन काहींना जाचक वाटतं, पण तेच संरक्षण आहे. बरेचदा सोयीचं असतं ते असं: वस्तू आणि वह्या संस्थेच्या नावे, जागा घराच्या नावे आणि संस्थेला लांब मुदतीच्या भाड्याने. पुरावशेष कायदा १९७२ नुसार १०० वर्षांहून जुन्या कलात्मक वा ऐतिहासिक वस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं पुरावशेषांत मोडू शकतात. शंका असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयात विचारा. शेर-पायलीने आता विक्री करता येत नाही, म्हणून दारात काही विकणार असाल तर त्यासाठी शिक्क्याचा वेगळा काटा ठेवा. खाण्याची वस्तू विकली तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते.

पैशासाठी केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना आहे, ती नोंदणीकृत संस्थांसाठी. तज्ज्ञ सल्ल्यासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं जतन केंद्र आणि वारसा जतन करणाऱ्या ‘इंटॅक’ या संस्थेच्या स्थानिक शाखा आहेत. रोजच्या वापरातल्या वस्तूंचा संग्रह किती मोठं काम होऊ शकतं हे बघायला पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि गोव्यात बाणावलीच्या गोवा चित्र संग्रहालयात एकदा घरातल्या सगळ्यांना घेऊन जा.

सगळं दुकान राखणं शक्य नसेल तर

पुनर्विकासात इमारत जाणार असते, भाऊ तयार नसतात, जागेची किंमत डोळ्यांत भरते. मग वस्तू वाटून दिवाणखान्यात सजवू नका. एक पूर्ण भिंत निवडा: तिच्या फळ्या, त्यावरचं सगळं, समोरचा ओट्याचा तुकडा, तागडी पासंगासकट. ती एकत्र ठेवा, गावच्या शाळेत, वाचनालयात किंवा जवळच्या संग्रहालयात एकत्रच द्या, आणि दानपत्रात ‘संग्रह विभागला जाणार नाही’ ही अट लिहून घ्या. वह्या आणि रेकॉर्डिंग त्याच्याबरोबरच जाऊ द्या.

दुकान अजून चालू असेल तर थांबायची गरज नाही. एक भिंत आजच नकाशावर घ्या, तिच्यावरचं काही हलवू नका आणि बाकीच्या तीन भिंतींवर धंदा चालू ठेवा. उधारीच्या वहीचे फोटो या दिवाळीच्या वहीपूजनाआधी काढून ठेवा, कारण नवी वही आली की जुनी माळ्यावर जाते आणि माळ्यावर पावसाळा तिची वाट बघत असतो.